आणखी एक पॉइंट

आई लंडनला आली की तिच्या बॅगेतून ठरलेल्या वस्तू निघतात. मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचं पीठ आणि कुणीतरी कुणासाठी तरी दिलेलं एक पुडकं, जे पोचवायला मला रविवारी दोन गाड्या बदलून क्रॉयडनला जावं लागतं. या खेपेला बॅगेच्या तळाशी, सोलापुरी चादरीत बाळासारखा गुंडाळलेला, मिक्सर निघाला. हजार वॉटचा, तीन भांड्यांचा.

"तुमच्या इथल्या मिक्सरात चटणी होत नाही, सरबत होतं," असं म्हणून तिने तो ओट्यावर ठेवला आणि वायर हातात धरून भिंतीकडे बघितलं. भिंतीवर जागा नव्हती. दोन जोडसॉकेटांत किटली, टोस्टर आणि मायक्रोवेव्ह कधीचे स्थिरावले होते, आणि एअर फ्रायर चौथ्या सीटवर बसलेल्या माणसासारखा अर्धा बाहेर लटकून होता.

"एक पॉइंट काढून घे की इथे."

डोंबिवलीत हे वाक्य कोथिंबिरीची जुडी आणण्याइतकं सोपं आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात निरोप ठेवायचा. वायरमन येतो, चपला दाराशी काढतो, जवळच्या बोर्डातून वायर ओढतो, तिच्यावर पांढरी पट्टी मारतो आणि कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत नवा पॉइंट चालू करून जातो. माझ्या लहानपणी आमच्या दोन खोल्यांत असे इतके पॉइंट निघाले की भिंतीवर मध्य रेल्वेचा नकाशा तयार झाला होता. मीटरपाशी सीएसटी, टीव्हीपाशी कल्याण. तिथून एक पट्टी फ्रिजकडे कर्जतला, दुसरी इस्त्रीकडे कसाऱ्याला. कर्जतच्या पुढे खोपोली होती, तिथे देवघरातला लाल दिवा लागायचा.

"इथे असं नसतं," मी म्हटलं.

"का? इथे वीज नसते?"

वीज असते. पण आमचं घर वायव्य लंडनमधलं, १९३०च्या दशकातलं. अर्धं आमचं, अर्धं शेजाऱ्यांचं, मध्ये एक भिंत. दोघांनाही एकमेकांची भांडणं ऐकू येतात आणि दोघेही सकाळी हवेबद्दल बोलतात. हे घर बांधलं तेव्हा असल्या घरांत खोलीला एखादा सॉकेट मिळाला तरी चैन समजायचे, आणि तो सॉकेट होता गोल पिनांचा. म्हणजे आईच्या मिक्सरच्या पिनांसाठी हे घर मुळात अगदी योग्य होतं. आई नव्वद वर्षं उशिरा आली, इतकंच.

मधल्या काळात महायुद्ध झालं. बाँबने पडलेली घरं पुन्हा बांधायची होती, तांब्याची टंचाई होती, आणि पुढे घराघरात विजेची उपकरणं वाढणार हे कळायला ज्योतिषी लागत नव्हता. त्यामुळे युद्ध चालू असतानाच इंग्रजांनी एक समिती नेमली. वर बाँब पडत असताना खाली बसून प्लगला पिना किती असाव्यात यावर चर्चा करणाऱ्या माणसांबद्दल मला तरी आदर वाटतो. कॅरोलाइन हॅस्लेट नावाच्या इंजिनिअर बाई या समितीवर होत्या. बायकांच्या वाट्याची घरकामाची हमाली विजेने कमी करावी, यासाठी त्यांनी आयुष्य घातलेलं. समितीच्या त्या खलबतांतून निघाला तो आजचा चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग. त्याचं मानक आलं १९४७ साली. त्याच वर्षी इंग्रजांनी भारत सोडला आणि गोल पिनही सोडली. भारत आपल्याला मिळाला. गोल पिनही आपल्यालाच मिळाली. इथे ती आता मुख्यतः नाट्यगृहांत उरली आहे, रंगमंचावरच्या दिव्यांसाठी. म्हणजे वेस्ट एंडच्या एखाद्या थिएटरात आईचा प्लग कदाचित अडॅप्टरशिवाय बसला असता, पण तिथे चटणी कोण वाटू देणार?

चौकोनी प्लग ही खरं तर हुशार वस्तू आहे. वरची पिन मुद्दाम लांब. ती आधी आत जाते आणि खालच्या दोन भोकांवरची झडप उघडते, त्यामुळे लहान मुलांनी हेअरपिन खुपसून शास्त्रीय प्रयोग करायची सोय राहिलेली नाही. प्रत्येक प्लगच्या पोटात स्वतःचा फ्यूज. दिव्याला ३ अँपिअरचा, किटलीला १३चा. एकच खोड आहे. जमिनीवर पडला की हा प्लग पिना आकाशाकडे करून पडतो, आणि रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाला अंधारात बरोबर सापडतो. ब्रिटनमधल्या मराठी माणसाच्या तोंडून मध्यरात्री निघालेली अस्सल मराठी ऐकायची असेल तर दुसरा उपाय नाही.

पण माझा विषय भिंतीच्या आतला आहे. प्लगच्या बरोबरीने या लोकांनी वायरिंगची एक नवी तऱ्हा काढली: रिंग. कल्याण-कर्जत-कसारा भानगड नाही. फ्यूजबॉक्समधून तार निघते, एकेका सॉकेटला भेटत घरभर प्रदक्षिणा घालते आणि निघाली तिथेच परत येऊन त्याच स्विचला जोडली जाते. त्यामुळे कुठल्याही सॉकेटला दोन्ही बाजूंनी वीज पोचते. भार वाटला जातो, म्हणून अडीच चौरस मिलिमीटरच्या, तशा किरकोळच, तारेवर आता ३२ अँपिअरचा ब्रेकर बसवता येतो. तांबं वाचलं. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे साधारण शंभर चौरस मीटरच्या घरात या एका रिंगवर सॉकेट किती असावेत याला मर्यादाच नाही. पन्नास बसवा. नियम करणाऱ्यांचा हिशेब असा की सॉकेट वाढले म्हणून माणसाच्या घरातल्या किटल्या वाढत नाहीत. त्यांनी एअर फ्रायर पाहिला नव्हता.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग काढ की एक. पन्नास चालतात ना?"

इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी. रिंगबद्दलचं हे ज्ञान माझ्याकडे सहा वर्षांपूर्वीपासून आहे, कारण तेव्हा मी स्वतः हातात स्क्रूड्रायव्हर घेतला होता. इंग्लंडमध्ये २००५ पासून घरातल्या वायरिंगच्या बऱ्याच कामांची स्थानिक परिषदेला वर्दी द्यावी लागत असे. २०१३ साली तो नियम बराच सैल झाला आणि चालू सर्किटवर साधा सॉकेट वाढवायला वर्दी लागेनाशी झाली. वर्दी लागत नाही याचा अर्थ मी 'अक्कल लागत नाही' असा घेतला. आमच्या हिला स्वयंपाकघरातले पांढरे सॉकेट जुनाट वाटत होते. मी चकचकीत स्टीलचे आणले, मोबाइलच्या वायरीसाठी भोकं असलेले. ब्रेकर पाडला, जुनी फ्रेम उघडली, तर आत लाल आणि काळ्या तारा. इथे २००६ पासून नव्या कामाला तपकिरी आणि निळ्या तारा सक्तीच्या आहेत. लाल-काळा म्हणजे जुनं काम. मला मात्र परगावी अचानक डोंबिवलीचं कुणी भेटल्यासारखं झालं. त्या ओळखीच्या भरात मी तीन-तीन तारा एकेका भोकात कोंबल्या, डबी उथळ होती म्हणून गुडघा लावून सॉकेट आत दाबला, स्क्रू आवळले आणि ब्रेकर चढवला. सगळं चालू! ही म्हणाली, "छान दिसतंय." विवाहित आयुष्यात असे शेरे मोजकेच मिळतात.

तर यावेळी मी मोह आवरला. एका भोकात तीन तारा असतात याचा अर्थ तिथून आधीच एक फाटा गेलेला असतो, हे मला आता वाचून माहीत होतं. रिंगला फाटा चालतो. त्या फाट्यावर एकच सॉकेट, फार तर जोडसॉकेट, चालतो. पण फाट्याला फाटा काढायचा नाही. का ते शिळफाट्याला संध्याकाळी सात वाजता अडकलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मी रीतसर इलेक्ट्रिशियनला बोलावलं.

तो आला शुक्रवारी, सांगितलेल्या वेळेला, म्हणजे त्याच दिवशी. साठीचा, लालबुंद, गुडघ्यांना पॅड बांधलेला गृहस्थ. आईने त्याला चपला काढायची खूण केली. त्याने बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. दोघांनीही हा तह मान्य केला. मग जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्यूम क्लीनर आणि गणपतीच्या मखराच्या मागे असलेल्या फ्यूजबॉक्सपुढे तो गुडघ्यांवर बसला, झाकण काढलं आणि दातांतून हवा आत ओढली.

हा आवाज मी चांगला ओळखतो. जगातला कुठलाही वायरमन आधीच्या वायरमनचं काम बघून हाच आवाज काढतो. डोंबिवलीत त्याच्यापुढे "कुठल्या गाढवाने केलंय हे?" असं वाक्य येतं, इथे "डियर, डियर" येतं. आवाज जितका लांब तितकं बिल मोठं. हा बराच लांबला.

तो म्हणाला की सॉकेट बसवायच्या आधी रिंग तपासणार, त्यासाठी वीज बंद. झाली बंद. आणि मग एक पेच उभा राहिला जो कुठल्याही नियमावलीत नाही. ब्रिटिश कारागीर चहाशिवाय काम सुरू करत नाही, चहा किटलीशिवाय होत नाही आणि किटली रिंगशिवाय चालत नाही.

किटली ही इथे थट्टेची गोष्ट नाही. एक किटली म्हणजे तीन किलोवॉट. तेरा अँपिअरच्या प्लगमधून जेवढं निघेल तेवढं सगळं तिलाच लागतं. १९९०च्या फुटबॉल विश्वचषकात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून उपांत्य सामना पेनल्टीवर हरलं, तेव्हा सारा देश टीव्हीसमोरून उठून दुःखाने चहा करायला गेला आणि विजेची मागणी एका झटक्यात २८०० मेगावॉटने उसळली. आपल्या आख्ख्या कोयनेची क्षमता १९६०. एका पराभवाचा चहा म्हणजे दीड कोयना. असल्या उसळ्या झेलता याव्यात म्हणून वेल्समध्ये दिनॉर्विगला डोंगर आतून पोखरून जलविद्युत केंद्र बांधलंय. वर तळ्यात पाणी चढवून ठेवतात आणि वेळ आली की काही सेकंदांत सोडतात.

आमच्याकडे दिनॉर्विग नव्हतं, आई होती. तिने गॅसचं बटण फिरवलं. ठिणगी पडेना, कारण ठिणगीही विजेवर. "इथे निखारासुद्धा प्लगवर असतो का रे?" असं म्हणत ती देव्हाऱ्यातून काडेपेटी घेऊन आली, पातेलं चढवलं, आलं ठेचलं. पंधरा मिनिटांनी तो साठीचा इंग्रज आमच्या जिन्याखाली बसून स्टीलच्या पेल्यातून उकळलेला चहा फुंकून पीत होता. "प्रॉपर टी," तो म्हणाला. आईला बाकी काही कळलं नाही तरी 'प्रॉपर' कळलं.

इथे थोडं शेजारच्या विषयावर. आईला या देशातलं विजेबाबतचं काही पटत नाही, आणि त्यात सगळ्यात वरचा नंबर न्हाणीघराचा. तिच्या घरी बाथरूममध्ये गीझर आहे, वॉशिंग मशीन आहे, दोन बोर्ड आहेत. इथे न्हाणीघरात साधा सॉकेट बसवायचा तर टबापासून अडीच मीटर दूर हवा, आणि इथली न्हाणीघरं मुळात तेवढी लांबच नसतात. दाढीच्या यंत्रापुरता एक नाजूक पॉइंट मिळतो. दिवा लावायला छतातून दोरी. पहिल्या दिवशी आईने ती देवळातली घंटा वाजवावी तशी ओढली, दिवा लागला, आणि सवयीने तिने हात जोडले.

परत जिन्याखाली. तपासणी सोपी असते. रिंगची दोन्ही टोकं ब्रेकरमधून सोडवायची, मीटरची एक टोचणी एका लाल तारेला, दुसरी दुसऱ्या लाल तारेला. तार खरोखर घराला वळसा घालून आली असेल तर मीटरवर अगदी छोटा आकडा दिसतो. पन्नास मीटर तार असेल तर ०.३७ ओहमच्या आसपास. काळ्या तारांना आला आकडा. लाल तारांना आकडाच आला नाही. त्याने टोचण्या पुसून पुन्हा लावल्या. नाही.

"तुमची रिंग," तो म्हणाला, "रिंग नाही."

मला कळेना. सहा वर्षं घरात सगळं चालतंय! त्यावर त्याने जे समजावलं ते ऐकून माझ्या हातातला चहा थंड झाला. रिंग एका जागी तुटली तरी सगळं चालूच राहतं. प्रत्येक सॉकेटला उरलेल्या बाजूने वीज मिळते. दिवा मिणमिणत नाही, ब्रेकर पडत नाही, वास येत नाही. फरक इतकाच की जो भार दोन वाटांनी यायचा तो एका वाटेवर येतो. तार असते वीसेक अँपिअरच्या लायकीची, आणि पहाऱ्यावरचा ब्रेकर बत्तीस होईपर्यंत डुलक्या काढत बसतो. किटली, ड्रायर आणि वॉशिंग मशीन एकदम लागली की भिंतीतली तार मुकाट्याने तापते. लंडनच्या भुयारी रेल्वेत सर्कल लाइन आहे. २००९ पासून तीही पूर्ण वर्तुळात फिरत नाही; एका टोकाला हॅमरस्मिथला जाऊन थांबते. नाव मात्र सर्कलच. पण निदान तिथे पाटी लावून सांगतात.

मग शोध सुरू झाला. एकेक सॉकेट उघडायचा, टोचून बघायचं, बंद करायचा. बैठकीची खोली झाली, जेवणाची झाली. दिवाणखान्यातला एक सॉकेट उघडल्यावर भिंतीतून तिरकी जाणारी तार दिसली. तार सॉकेटपासून सरळ वर किंवा सरळ आडवी न्यावी असा संकेत आहे, म्हणजे खिळा कुठे ठोकू नये ते पुढच्या माणसाला कळतं. आधीच्या कुणा मालकाने अंतर वाचवायला कर्णाची वाट धरली होती. पायथागोरसचा शिष्य असावा. मी मनात त्या अज्ञात मालकावर सगळं ढकलून मोकळा होत होतो. इलेक्ट्रिशियनलाही मी म्हणालो, "लोक काय काय करून ठेवतात, नाही?" तो "हो ना," म्हणाला आणि स्वयंपाकघरात शिरला.

पहिला स्टीलचा सॉकेट. स्क्रू काढले, फ्रेम पुढे ओढली, आणि तीन लाल तारांपैकी एक, कसलाही विरोध न करता, मोकळी बाहेर आली. ती भोकात कधी बसलीच नव्हती. माझ्या गुडघ्याने दाबलेला तो सॉकेट सहा वर्षं तिला नुसता आधार देऊन उभा होता.

दातांतून हवा. यावेळी तिने स्वयंपाकघराची लांबी पार केली.

"हू डिड दिस?" त्याने विचारलं.

मी सिंककडे बघितलं. ही फ्रिजमध्ये काहीतरी शोधू लागली. आमच्या घरात 'आधीच्या मालकाने' हे उत्तर तयार होतं, माझ्या जिभेच्या टोकावर होतं. पण 'हू' आणि 'डिड' एवढं इंग्रजी आईला येतं, आणि मुलाचं कौतुक करायची संधी तिने चाळीस वर्षांत सोडलेली नाही.

"माय सन," ती म्हणाली. आणि कमी पडू नये म्हणून, "ओन्ली."

त्या भल्या माणसाने माझ्याकडे न बघता पेला पुढे केला आणि आणखी चहा मागितला. नंतर त्याने उथळ डब्या काढून खोल बसवल्या, तारा नीट कापून आवळल्या, लाल-काळ्याच्या शेजारी नवी तपकिरी-निळी जोडली आणि ओट्यावर साधा पांढरा जोडसॉकेट बसवला, थेट रिंगमध्ये घेऊन. मीटरवर आकडा आला. केलेल्या कामाचं रीतसर प्रमाणपत्र दिलं. माझे स्टीलचे सॉकेट त्याने एका पिशवीत घालून, पुरावा परत करावा तसे, माझ्या हातात ठेवले. मिक्सरला अडॅप्टर लावून त्या संध्याकाळी खोबऱ्याची चटणी झाली. दोन भांडी. एक डबा त्याला बांधून द्यायचा राहिला याची आईला आजही हळहळ आहे.

मार्चमध्ये आई परत गेली. परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर तिच्याऐवजी आमची भिंत, तिच्यावरचा मध्य रेल्वेचा नकाशा आणि स्टुलावर उभा वायरमन. वॉटर प्युरिफायरसाठी पॉइंट काढायला तो आला होता आणि आईने त्याला रिंगबद्दल सांगून त्याचं काम थांबवलं होतं.

"दादा, काकू म्हणतात तुमच्याकडे वायर परत आणतात," तो म्हणाला. "काम झाल्यावर परत कशाला?"

मी समजावलं. दोन्हीकडून वीज येते, भार वाटला जातो, तांबं वाचतं. १९४७ सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. पट्टीचा तुकडा तसाच हातात.

"आणि मधेच एका जागी तुटली तर?"

"तर दुसऱ्या बाजूने चालू राहतं."

"मग तुटली ते कळतं कसं?"

पलीकडून आईने फोन हातात घेतला. "कळतं रे," ती त्याला म्हणाली, "मीटर लावावा लागतो. उतर आता खाली, चहा झालाय."